पार्वतम्माचा आड

कमलम्मानं पोहरा वर ओढला आणि बेगमबीच्या घागरीत रिकामा केला. गढूळ पाणी जेमतेम चार बोटं चढलं. तरी बेगमबीनं जाताना आडाच्या कठड्याला हात लावला.

"अल्ला पार्वतम्माला जन्नत देवो. बाई गेली, पर गल्लीला पानी ठिवून गेली."

"हाव," कमलम्मा म्हणाली. सकाळपासून हे तिनं दहा जणींकडून ऐकलं होतं. पाणी ओढून तळहात सोलले होते तिचे, आणि पुण्य जमा होत होतं सवतीच्या नावावर.

उदगीर नव्या लातूर जिल्ह्यात गेलं, नवे साहेब आले, नव्या पाट्या लागल्या. पाऊस तेवढा आला नाही. गल्लीतले सगळे आड आटले, उरला तो कमलम्माच्या नवऱ्याच्या, सिद्धरामच्या अंगणातला. खणताना खडक लागला तेव्हा खणणाऱ्यांनी हात टेकले होते. सिद्धरामच्या पहिल्या बायकोनं, पार्वतम्मानं, ऐकलं नाही. तो खडक फोडायला लावला. कमलम्मा या घरात दुसरेपणावर आली त्याला दीड वर्ष झालं होतं. तेवढ्यात गल्लीनं ही कथा तिच्याकडून पाठ करून घेतली होती.

मेलेल्या बाईशी भांडताही येत नाही. जिवंत असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या, असं तिच्या मनात येई आणि मग स्वतःचीच लाज वाटे.

गल्लीचं तिनं सोसलं असतं. सिद्धरामचं सोसवत नव्हतं. भांड्यांच्या दुकानावर जाण्याआधी तो रोज आडाशी जाई. गाठी मारलेल्या सुतळीला दगड बांधून आत सोडी, वर काढून ओल्या गाठी चाचपी, आणि मग वाकून आत बघत राही. हाक मारली तरी लवकर वळत नसे. चहा निवून जाई. कमलम्मा हे दारातून बघे आणि भाकरी अशी थापी की परात हले.

तिचा पहिला नवरा किल्लारीकडचा. तो गेल्यावर आठ वर्षं तिनं दिराच्या घरचं पाणी कोसावरून वाहिलं. हे स्थळ आलं तेव्हा सिद्धराम समोर बसला होता. वर न बघता तिनं एकच विचारलं होतं, "दारात पानी हाय का?"

"हाय," तो म्हणाला होता. तेवढ्यावर जमलं.

आता मात्र तिला वाटे, आटू दे एकदाचा.

आणि आटला. सोमवारी पोहरा खडकावर ठणकन आपटला, वर आला तो मूठभर चिखल घेऊन. बायका हळहळत परत गेल्या. कमलम्मानं दार लावून घेतलं आणि त्या कठड्यावर चक्क पाय सोडून बसली. दीड वर्षात पहिल्यांदा तिला या घरात ऐसपैस वाटलं.

दुपारी सिद्धराम जेवायला आला. कोरडा पोहरा बघून तो ताटावर बसलाच नाही.

"आटला?"

"हाव. लई वाईट वाटलं आसंल तुमाला."

"वाटंलच की."

"तिची तेवडीच आठवन व्हती. रोज सकाळी वाकून तिलाच बघताव न्हवं?"

सिद्धराम खिशातली सुतळी काढून बोटाला गुंडाळायला लागला.

"पानी किती दिवस पुरंल ते बघायलो व्हतो मी."

"त्येला येवडा येळ?"

"तू पान्यावर आलीस या घरात." सुतळी बोटाला घट्ट बसली होती. "आता पानी सरलं. तू जाशील का?"

कमलम्माचे डोळे भरून आले, त्याचा तिला राग आला.

"येडेच हाव तुमी," ती म्हणाली. तिनं दोन घागरी उचलल्या आणि एक त्याच्या हातात दिली. "चौबाऱ्याच्या चौकात टँकर यायलाय. चला."

"मी?"

"मग काय मी येकलीनं वाहू?"

उंबऱ्यात ती थांबली.

"तिच्यासंगं कवा गेल्ता का पान्याला?"

"न्हाई. तिला काय गरज? दारात आड व्हता."

कमलम्मानं पदर नीट केला. चौबाऱ्याला बोळातून जवळ पडे. ती पेठेच्या रस्त्याला वळली. दुकानं उघडी होती, बेगमबी दारात तांदूळ निवडत होती.

"हिकडून लांब पडतंय," खांद्यावरची घागर सावरत सिद्धराम मागून म्हणाला.

"पडू द्या," कमलम्मा म्हणाली, आणि आणखी हळू चालू लागली.