बुंध्याला बांधलेलं पोतं

दानम्मानं गल्लीच्या कडेला, शेजारच्या कुंपणालगत बहाव्याचं रोप लावलं तेव्हा ते गुडघ्याएवढंही नव्हतं. नवी पेठेतल्या दुकानांच्या साड्यांना फॉल-बिडिंग करून ती एकटी घर चालवायची. गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. तरी रोपाच्या मुळाशी तिनं भोक पाडलेलं मडकं पुरलं आणि डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी त्यात ओतत राहिली. पहिल्या वैशाखात शेंडा करपला, तेव्हा जुन्या लुगड्याची सावली केली. रोप जगलं.

शेजारच्या रुद्राणीचाही त्यात वाटा होता. एका उन्हाळ्यात दानम्माचा हात मोडला, तेव्हा तिनंच तीन आठवडे कळशीनं पाणी घातलं. म्हणून सहाव्या वर्षी, माघात लेकीच्या बाळंतपणाला विजापूरला जाताना, दानम्मानं झाड तिच्यावर सोपवलं आणि निर्धास्त मनानं एसटीत बसली.

दर आठवड्याला फोन व्हायचा. ऊन वाढलंय म्हणून बुंध्याला ओलं पोतं बांधलंय, असं रुद्राणीनं सांगितलं. पुढं म्हणाली, पहिल्यांदाच कळ्या लागल्यात. दानम्मानं ते विहिणीला कौतुकानं सांगितलं. शेजारीण असावी तर अशी, म्हणाली.

चैत्र सरताना ती परतली. झाडावर एकही कळी नव्हती. फांद्या हात लावताच काटकन मोडत होत्या. यंदाचं ऊनच तसलं, असं रुद्राणी म्हणाली आणि दानम्माला ते पटलंही. पोतं पुन्हा भिजवावं म्हणून तिनं सुतळी सोडली. पोत्याआड वीतभर साल चहूबाजूंनी सोललेली होती. आतल्या लाकडावर कोयत्याचे घाव होते.

झाडामागं रुद्राणीच्या कुंपणाच्या भिंतीवर नव्या फाटकासाठी खडूच्या रेघा मारलेल्या होत्या. तिच्या मुलानं, मंजुनाथनं, नुकतीच मोटार घेतली होती. ती आत घ्यायला झाड आडवं येत होतं.

दानम्मा पोतं हातात घेऊन शेजारच्या दारात गेली. कुणी केलं, एवढंच तिनं विचारलं.

रुद्राणीनं पदर बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "कापलं मंजुनाथनं. पोतं मी बांधलं."

"आणि कळ्या?"

"काय सांगणार होते, अक्का? विचारलं असतं तर तुमी हो म्हणला असता का?"

"नसते म्हणले. भांडले असते. चार दिवस अबोला धरला असता." दानम्मा म्हणाली. "पाचव्या दिवशी बोलले असते की."



मृगात घावाच्या खालून, अगदी मातीलगत, दोन कोवळे धुमारे फुटले. मंजुनाथनं फाटक दुसऱ्या बाजूला काढलं आणि आईकडून तसा निरोपही पाठवला. रुद्राणी निरोप सांगून उंबऱ्याशी घोटाळली. दानम्मानं ऐकून घेतलं, बरं म्हणाली आणि शिलाई मशीन पुन्हा सुरू केली.

मार्गशीर्षात अक्कलकोटला भाचीचं लग्न होतं. दोन दिवस राहायला ये, असं बहिणीनं परोपरीनं विनवलं. दानम्मा सकाळच्या गाडीनं गेली, अक्षता टाकल्या आणि पंगत बसायच्या आत परत निघाली. कारण विचारलं तर काम फार आहे, असं तिनं सांगितलं. गल्लीत पोचल्यावर कुलूप काढायच्या आधी तिनं ते दोन्ही धुमारे बघितले.