उशिरा येणाऱ्यांवरचा उपदेश

पाळकसाहेब चर्चमधून निवृत्त झाले, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नाही. बायको गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले आणि आल्या आल्या फर्मान सोडलं: संध्याकाळी सातला घरात प्रार्थना झालीच पाहिजे. जावई बिचारा सासऱ्यापुढे मान डोलवण्यापलीकडे काही करत नसे. नात आजोबांना चिकटून बसायची. लेक मात्र नेमकी सातला गायब.

चष्म्याच्या दुकानातून येऊन ती घाईघाईने स्वयंपाक उरकायची, आणि इकडे पाळकसाहेबांनी डोळे मिटले रे मिटले की झाकलेलं ताट घेऊन वरच्या मजल्यावर पळायची. तिथे एक म्हातारा घड्याळजी एकटाच राहत होता. त्याचे डोळे गेले होते, जिभेची धार तेवढी शाबूत होती. लेक खाली येईपर्यंत आमेन होऊन गेलेलं असायचं. पाळकसाहेबांनी त्यावरही उपाय काढला होता. प्रार्थनेच्या शेवटी ते जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "आणि प्रभू, जे प्रार्थनेला उशिरा येतात, त्यांना सद्बुद्धी दे."

"ताट ठेवून यायला इतका वेळ लागतो?" एकदा त्यांनी विचारलंच.

"एकट्याला जेवण जात नाही त्यांना, बाबा. समोर कोणी बसलं तरच घास उतरतो."

"मग आधी जा, नाहीतर नंतर जा. सैतान बरोबर प्रार्थनेचीच वेळ गाठतो."

लेक नुसती हसली आणि भांडी घासायला लागली. हे हसणं थेट तिच्या आईचं होतं, म्हणूनच ते पाळकसाहेबांना जास्त झोंबलं. गावोगावच्या माणसांना त्यांनी प्रभूच्या वाटेवर आणलं, आणि पोटची पोर हातून निसटली! आपण डोळे मिटल्यावर या घरात प्रभूवरचा विश्वास उरेल की नाही, ही काळजी त्यांना लागून राहायची.

दुसऱ्या दिवशी लेकीने ताट उचललं तेव्हा त्यांचा तोल सुटला. "तुझी आईही अशीच होती! पण एका उपदेशात सुधारली."

ही गोष्ट ते कौतुकाने सगळीकडे सांगत. पाळकीणबाई घरच्या प्रार्थनेला सदा उशिरा यायच्या. वैतागून पाळकसाहेबांनी एका रविवारी उशिरा येणाऱ्यांवर उपदेश ठोकला. नाव घेतलं नाही, पण मंडळीला कळायचं ते कळलं. सगळे पोट धरून हसले, पाळकीणबाईही तोंडाला रुमाल लावून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या सातच्या ठोक्याला हात जोडून हजर.

लेकीने ताट पुन्हा टेबलावर ठेवलं.

"आई वेळेवर यायला लागली आणि मी गायब व्हायला लागले. हे लक्षात आलं होतं तुमच्या?"

आलं होतं. चुकार मेंढरू म्हणून त्यांनी तिला किती बोल लावले होते.

"मागच्या गल्लीतली शिंपीण आठवते? लकव्याने दोन्ही हात गेलेली? आई तिला भरवायला जायची. तुमच्या उपदेशानंतर मला म्हणाली, आता तू जात जा."

"मला का नाही सांगितलं?"

"आई म्हणाली, सांगू नकोस. एवढं छान बोलले, बिचाऱ्यांना वाईट वाटेल."

त्या शिंपिणीच्या दफनाला पाळकसाहेबच तर बोलले होते. प्रभूने या बहिणीला कधी उपाशी झोपू दिलं नाही, असं गहिवरून सांगितलं होतं त्यांनी. कोणाच्या हातून, हे विचारायचं सुचलं नव्हतं. पाळकीणबाई पहिल्या बाकावर खाली मान घालून बसल्या होत्या. आता बायकोची माफी मागावी म्हटलं, तर ती होती कुठे? त्यांचे डोळे भरून आले.

"दे ते ताट," ते म्हणाले.

जिना चढताना त्यांना धाप लागली. दार उघडंच होतं.

"आज कोण? पावलं जड आहेत," घड्याळजी म्हणाला.

"खालच्या मुलीचा बाप."

"म्हणजे पाळकसाहेब! या, बसा. तुमची प्रार्थना रोज ऐकतो. जेवणाबरोबर तोंडी लावायला बरी असते."

एरवी पाळकसाहेबांनी त्याला चांगलं सुनावलं असतं. आज ते गुपचूप समोर बसले. घड्याळजीने चाचपडत पाव मोडला.

"देवाची माणसं खूप पाहिली मी, पण तुमची लेक खरी. हे कुठे शिकलीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, आईकडून."

पाळकसाहेब वाट पाहत राहिले. म्हातारा निवांत चावत होता. शेवटी त्यांना राहवेना.

"आणि बापाबद्दल काही बोलते का?"

"बोलते ना. बाबा फार छान बोलायचे, म्हणते."

एवढ्यात खालून आवाज आला. नातीने प्रार्थना सुरू केली होती. शब्द आजोबांचे, चाल आजोबांची, मध्येच घसा खाकरणंही आजोबांचंच. शेवट तर तिने जिन्यापर्यंत पोहोचेल असा खणखणीत केला.

"आणि प्रभू, जे प्रार्थनेला उशिरा येतात, त्यांना सद्बुद्धी दे."

"आमेन," पाळकसाहेब हळूच म्हणाले आणि पावाचा दुसरा तुकडा त्यांनी म्हाताऱ्याच्या हाताशी सरकवला.