मामाची फुंकर

दगड कापण्यात मामाचा हात धरणारा कुणी नव्हता. जमिनीच्या पोटातून काढलेले, दंडाएवढे जाड दगडाचे दांडके शेडमध्ये यायचे आणि मामा त्यातून बुचाएवढे तुकडे काढून तपासायला पाठवायचा. सख्खी भाची तिथंच भूगर्भतज्ज्ञ म्हणून लागली. ती मामा म्हणते म्हटल्यावर अख्खी शेड त्याला मामाच म्हणायला लागली.

आज तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"माझी पहिली तेलविहीर बुजवतायत, मामा. बाराच्या बैठकीत साहेब सही करणार. वाळूच्या दगडात तेल आहे, पण वाहायला वाटच नाही. तुझ्या सगळ्या तुकड्यांत चुना भरलाय."

"कुणी भरला?"

"पाण्यानं! वाळूत गाडलेले शिंपले विरघळले, तो चुना कणांच्या फटीत जाऊन बसला. या किटलीत खपली धरते ना, तसा."

मामानं किटलीत डोकावलं. बुडाला हीऽ जाड खपली, वर काठाला काहीच नाही. म्हणजे चुना सगळीकडं सारखा धरत नाही! त्यानं किटली खाली ठेवली.

"पोरी, घाण मी केलीय. मऊ जागी पातं लावलं की दगड भुसभुशीत होऊन पडतो. मागं साहेब तुटक्या तुकड्यांवरनं केवढे ओरडले! तेव्हापासनं मी टणक जागाच निवडतो. तुकडे दिसायला कसे गुळगुळीत!"

भाचीच्या हाती आजवर नुसते आकडेच आले होते. ती दगडाच्या दांडक्यांच्या पेटीकडं पळाली. टणक जागी आम्लाचा थेंब टाकला, चुन्यावर फसफसतो तसा फसफसला. वीतभर पुढं मऊ जागी टाकला, तर थेंब गप्प.

"मामा, शिंपले होते तिथंच चुन्यानं गोळे धरलेत! मधली वाळू मोकळी आहे!"

यंत्रावर मोजून दाखवायला वेळ कुठला? साडेअकरा झाले होते. मामानं मऊ दगडाला बाजूनं चिकटपट्टी गुंडाळली, जीव मुठीत धरून हळूहळू चकती कापली. टणक दगडाचीही एक घेतली, साबणाचं पाणी घेतलं आणि दोघं थेट बैठकीत घुसले.

साहेबांचं पेन उघडं होतं. "मामा, हे काय?"

"चूक माझी आहे साहेब, मागनं ओरडा. आधी फुंका."

साबण लावलेली टणक चकती साहेबांनी तोंडाला धरली. गाल फुगले, कान लाल झाले, पलीकडं ढिम्म काही नाही.

"आता ही."

साहेबांनी जोर लावला आणि दगडातनं भसाभस फेस! एक फुगा सुटला, टेबलावरनं तरंगत जाऊन सहीच्या कागदावर फुटला. सगळे पोरांसारखे खिदळले.

"द्या बरं परत," साहेब म्हणाले. पुन्हा फुंकलं. मग मिशीचा फेस पुसला नि पेन मिटलं. "विहीर राहू द्या. मऊ जागेचे तुकडे नीट तपासा, मग तेल वाहतंय का बघू. आणि मामा, तुटके तुकडेही आणत जा. ओरडायची चूक माझी."

भाचीनं भर बैठकीत मामाला मिठी मारली. मामा लाजून म्हणाला, "अगं सोड, चकती फुटेल!"