मानेतली काळी रेघ

इस्पितळात रुग्णांचे एक्स-रे काढण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती. मोडलेली हाडं बघून आताशा तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे. त्या दुपारी मात्र नवरा चार वर्षांच्या लेकीला खांद्यावर टाकून धापा टाकत एक्स-रेच्या खोलीच्या दारात आला, आणि ती हातातलं काम टाकून धावली.

लेक क्षणभर एका जागी ठरत नसे, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. ती झोपाळ्यावरून डोक्यावर आपटली होती. आता मान एका बाजूला धरून हूं की चूं करत नव्हती.

"उचलून आणलंस?" तिने विचारलं.

"मग काय तिथेच ठेवू?" त्याचा आवाज फाटला.

मानेला मार लागलेल्याला हलवू नये, हे ती रोज परक्यांना बजावायची. घरी सांगायचं राहूनच गेलं होतं.

तिने भिंगरीला अलगद टेबलावर निजवलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या आणि फोटो काढला. मानेच्या दुसऱ्या मणक्यावर बोटाच्या पेरासारखं एक टोक असतं. पहिला मणका त्याच्याभोवती फिरतो, म्हणून मान वळते. त्या टोकाच्या बुडाशी काळी रेघ दिसत होती. मागल्या वर्षी जिन्यावरून पडलेल्या एका मास्तरांच्या फोटोत तिने अशीच रेघ पाहिली होती. मास्तर पुन्हा उठून बसले नाहीत.

ड्यूटीवरचा तरुण डॉक्टरही फोटो बघून पांढरा पडला. मोडलंय असं वाटतं म्हणाला, आणि मोठ्या डॉक्टरीणबाईंना बोलवायला धावला.

आई लेकीचं डोकं दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

"आई, मी उठू?"

"नको गं बाळा." मग ती नवऱ्याला म्हणाली, "तळपायाला गुदगुल्या कर."

तो जागचा हलला नाही. "पाय हललाच नाही तर?"

शेवटी त्याने डोळे मिटून बोट फिरवलं. भिंगरीने पाय आखडून घेतला.

डॉक्टरीणबाई आल्या आणि बराच वेळ फोटो बघत राहिल्या. मोठ्या माणसाच्या मानेत ही रेघ दिसली असती तर त्याही घाबरल्या असत्या, असं त्यांनी सांगितलं. पण लहानपणी हा मणका तुकड्यांनी बनत असतो. तुकड्यांमध्ये हाडाऐवजी मऊ कूर्चा असते, ती फोटोत काळी दिसते. सहा-सात वर्षांपर्यंत ते तुकडे जुळून येतात.

आईने श्वास सोडला, तोच बाई म्हणाल्या, "मात्र पडल्यावर नेमका हाच सांधा निसटू शकतो. खात्री करायला हवी."

भिंगरीला झोपेचं औषध देऊन एमआरआयच्या मोठ्या मशीनमध्ये सरकवलं. तो पाऊण तास दोघं काचेपलीकडे उभी होती. एकमेकांकडे बघायची कुणाची छाती झाली नाही.

सांधा जागेवर होता. फक्त स्नायू लचकला होता.

मशीनमधून बाहेर आणताच आईने पुन्हा लेकीचं डोकं हातांत धरलं. भिंगरी जागी झाली, तेव्हाही ते हात तिथेच होते. डॉक्टरीणबाईंनी आईच्या मनगटाला हात लावला.

"सोडा आता," त्या म्हणाल्या.

तिला ते जमेना. मग नवऱ्याने तिची बोटं एकेक करून सोडवली.