मातृभाषेचा रकाना

संस्थेच्या फॉर्मवर जन्मतारीख, शिक्षण, अनुभव असं सगळं विचारून झाल्यावर शेवटी 'मातृभाषा' असा एक रकाना होता. बाईंनी तिथे सरळ मनाने 'मराठी' लिहिलं. संचालिकेने तो कागद वाचला, टरकन फाडला आणि कोरा फॉर्म पुढे सरकवला.

"इथे इंग्रजी लिहा," ती म्हणाली. "वर्गात दिवसभर तीच बोलणार आहात ना? मग झालं तर."

त्या परक्या देशात इंग्रजी शिकवायला बाहेरून आलेल्या शिक्षकांच्या दोन श्रेण्या होत्या. जन्मापासून इंग्रजी बोलणारे पहिल्या श्रेणीत, आणि रक्त आटवून ती शिकलेले दुसऱ्या. आठवड्याला तास दोघांनाही सव्वीसच. वह्या तपासा, पालकांना भेटा, भिंतीवर चित्रं चिकटवा, त्याचे पैसे दोघांनाही नाहीत. सुट्टीत पगार बंद, राहायच्या खोलीचं भाडं पगारातूनच कापलेलं. फरक फक्त पगाराच्या आकड्यात, आणि तो चांगला दीडपटीचा. पहिल्या श्रेणीची बाई शिकवते म्हटल्यावर संचालिकेला पालकांकडून फीही चढी लावता येई, तेव्हा हा उपकार काही फुकटचा नव्हता.

बाईंनी सही केली. त्याचं कारण सात वर्षांचं होतं आणि मावशीकडे राहत होतं. नवऱ्याशी फारकत झाल्यावर लेकीला बहिणीच्या हवाली करून बाई इथवर आल्या होत्या. तिला आणायचं तर सरकारला सलग सहा महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या दाखवायच्या, आणि पगार एका ठरावीक आकड्याच्या वर हवा. पहिल्या श्रेणीचा पगार त्या आकड्याच्या जेमतेम वर जात होता. दुसऱ्या श्रेणीचा त्याच्या आसपासही फिरकत नव्हता. एव्हाना चार चिठ्ठ्या जमल्या होत्या. दोन राहिल्या होत्या.

फ्लॅटमधल्या शेजारच्या खोलीत एक शिक्षक राहायचा, बाईंनी मनाशी त्याचं नाव लांब्या ठेवलं होतं. पहिल्या श्रेणीचा, अगदी अस्सल. याआधी पोहण्याच्या तलावावर शिटी घेऊन बसायची नोकरी करत होता. रोज सकाळी कप घेऊन स्वयंपाकघरात यायचा आणि म्हणायचा, "आज मला पूर्ण वर्तमानकाळ शिकवायचाय. तो काय असतो?" बाई कांदा चिरता चिरता त्याला समजावून सांगायच्या. स्वभावाने तो लाघवी होता, त्यामुळे त्याच्यावर रागावताही यायचं नाही. राग यायचा तो त्या श्रेण्यांचा, आणि तो कांद्यावर निघायचा.

पाचव्या महिन्यात मुख्य कचेरीचा तपासनीस येणार असल्याचा निरोप आला. संचालिकेने बाईंना बोलावून बजावलं, "एका तासाचा प्रश्न आहे. इंग्रजीशिवाय चकार शब्द काढायचा नाही."

तास झकास चालला होता. पाच-सहा वर्षांची पंधरा मुलं रंगीत ठोकळे रचून त्यांची नावं सांगत होती. तपासनीस मागे, मुलांच्याच छोट्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. तेवढ्यात एका मुलीचं बोट घडीच्या टेबलात सापडलं आणि तिने भोकाड पसरलं. बाई धावल्या. तिला मांडीवर घेऊन बोटावर फुंकर घालत म्हणाल्या, "काही नाही, काही नाही झालं हं. बघू? गेलं बघ."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण मराठीत बोललो. त्यात आख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "काही नाही, काही नाही." मुलांना ते पाठच होतं. कुणी पडलं, कुणाचा डबा सांडला, की बाई हेच म्हणायच्या. आणि बाई बोलतात ती इंग्रजीच असणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

तपासनीसाने जवळच्या मुलीला विचारलं, "याचा अर्थ काय?"

"दुखतंय, पण बाई आल्यात," ती म्हणाली. त्याने ते वहीत टिपून घेतलं.

तास संपल्यावर संचालिकेने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. तपासनीसाने साधेपणाने विचारलं, "ती भाषा कोणती?"

उत्तर तयार होतं. आमच्याकडच्या इंग्रजीत असंच म्हणतात, असं सांगायचं. संचालिकेनेच ते पढवून ठेवलं होतं आणि आता ती डोळ्यांनी खुणा करत होती. फॉर्मवर खोटं लिहिताना बाईंना फारसं जड गेलं नव्हतं. कागद काही वर बघून विचारत नाही. पण आत्ताच ज्या शब्दांनी एक पोर रडायचं थांबलं होतं, त्यांना इंग्रजी म्हणायला जीभ रेटेना. दोनच चिठ्ठ्या, त्यांनी मनाला बजावलं. आणि तोंड उघडलं तेव्हा बाहेर पडलं ते, "मराठी. माझी मातृभाषा."

तपासनीस माणूस वाईट नव्हता. "या महिन्यात इतका चांगला तास मी पाहिला नाही," तो म्हणाला, आणि नियमाप्रमाणे चालू महिन्यापासूनच त्यांना दुसऱ्या श्रेणीत टाकून मोकळा झाला. फॉर्ममध्ये इंग्रजी कशी आली, यावर संचालिकेने कानांवर हात ठेवले. तो गेल्यावर मात्र तिचा चेहरा हळूहळू खुलला. पगार कमी द्यायचा, वर्ग तोच, फीही तीच.

"पालकांना कळवायची काही गरज नाही," ती म्हणाली. "तुम्ही आमच्याच आहात."

दुपारी ठरल्या वेळी लेकीचा फोन आला. मावशीने तिला इंग्रजीच्या शिकवणीला घातलं होतं आणि आज ती मराठीत बोलायलाच तयार नव्हती. फ्रॉक दाखवून "ब्लू" म्हणाली. दात पडले होते ते दाखवून "टू टीथ" म्हणाली. मग फोन तोंडाशी धरून, शब्द जुळवत जुळवत तिने विचारलं, "आई, व्हेन आय ॲम कमिंग?"

"व्हेन ॲम आय कमिंग," बाई सवयीने म्हणाल्या.

"व्हेन ॲम आय कमिंग?"

आता तिच्या प्रश्नात दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं. बाईंना रडू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं.

"यंदा नाही गं, बाळा," त्या म्हणाल्या.