‘नाइस’ या शब्दाचं मूळ

शब्दकोशाच्या कचेरीत ‘एन’ हे अक्षर माझ्या टेबलावर आलं आणि मी ‘नाइस’ची नोंद लिहायला घेतली. चांगला, छान, गोड. वापराची उदाहरणं पोत्यानं. मग मूळ शोधलं आणि हसूच फुटलं. लॅटिनमध्ये अर्थ ‘काही न कळणारा’. इंग्रजीत शिरला तेव्हाही चक्क ‘मूर्ख’. पुढं चोखंदळ, नाजूक, असं करत करत कैक शतकांनी छान. मूर्ख माणूस सगळ्यांच्या सोयीचा असतो, म्हणूनच आवडायला लागला असणार. हे मात्र नोंदीत लिहिलं नाही.

माझा धाकटा भाऊ मला उठसूट नाइस म्हणतो. आईचं दुखणं मी काढलं, नाइस. लग्नाचा विषय मागे पडला, तरी नाइस. आता परगावी नव्या कोशाचं संपादकपद मला मिळत होतं. उभा जन्म ज्याची वाट पाहिली ते. आईला मी नेतो, असा त्यानं शब्द दिला होता. तिची बॅगही भरून झाली होती.

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. हात कामात होते, म्हणून स्पीकर लावला.

“ताई, हिला नाही गं जमणार आत्ता. आई तुझ्याकडेच रुळलीय. तू समजून घेशील. यू आर सो नाइस!”

“नाही घेणार. शब्द दिलायस. उद्या येऊन ने तिला.”

“फारच शहाणी झालीस गं!”

बघा आपल्या भाषेची तऱ्हा. त्यांनी मूर्खाला गोड केलं, आपण शहाण्याची शिवी केली. मला जन्मात पहिल्यांदा कुणी शहाणी म्हटलं, तेही दातओठ खात. मी फोन बंद केला. खोटं कशाला बोलू, गार गार वाटलं.

वळले तर दारात आई. सगळं ऐकलेलं.

“त्याच्या गळ्यात नको बांधूस मला,” ती म्हणाली. “तू जा. मी राहीन एकटी.”

तिला स्वतःचं बटणसुद्धा लावता येत नाही. भावाच्या नावानं बोटं मोडत मी संपादकपदाला नकार कळवायला साहेबांना फोन लावला.

“अरेरे,” साहेब हळहळले. “पण आईसाठी एवढं! फार नाइस आहात हो तुम्ही.”

“हो,” मी म्हटलं. “मुळातच.”