बेंबीवरची शेवटची खूण

डॉक्टरीणबाईंनी बेंबीच्या चित्रांची वही ओपेतायापुढे उघडली. उभी, आडवी, खोल, पापणीसारखी वरून झाकलेली. बाहेर बाकावर सगळ्या त्याच्या लेकींच्या वयाच्या पोरी. आखूड कपड्यांतून बेंबी सुबक दिसावी म्हणून आलेल्या. त्यांच्यात हा अठ्ठावन्न वर्षांचा, धुलाईघरात चादरी उपसणारा दांडगा सामोअन गडी मघापासून मान खाली घालून बसला होता.

"कुठली आवडते?" बाईंनी विचारलं.

"कुठलीही चालेल, बाई. फक्त तिच्यावर गोंदता आलं पाहिजे."

त्याने सदरा वर केला. कमरेपासून खाली गुडघ्यांपर्यंत काळंभोर गोंदण, आणि मधोमध पिकल्या पेरूसारखी बाहेर आलेली कोरी बेंबी. मग अडखळत त्याने सगळं सांगितलं.

त्यांच्यात गोंदण पाठीवर सुरू होतं आणि बेंबीवर संपतं. ती शेवटची खूण पडली की अंगाला हळद-खोबरेल लागतं, आणि पुरुष उघड्या अंगाने गावच्या वडीलधाऱ्यांपुढे आव्याची, त्या मानाच्या पेयाची, वाटी धरायला मोकळा होतो. गोंदायला एकटं कुणी बसत नाही, जोडीदार लागतो. ओपेतायाचा जोडीदार चुलतभाऊ पानापा. पस्तीस वर्षांपूर्वी, गावी, शेवटच्या दिवशी म्हाताऱ्या गोंदणाऱ्याने ओपेतायाच्या बेंबीवर बोट टेकवलं आणि गोंदायची दातेरी फणी खाली ठेवली. खाली आतडं हलतंय, इथे मी हात चालवणार नाही, म्हणाला. ओपेताया चटईत तोंड खुपसून रडला. शेजारी पानापाचीही तेवढी एकच खूण बाकी होती. तो उठून बसला.

"मग माझीही राहू दे. बरोबर बसलोय, बरोबरच उठू."

हळद दोघांनाही लागली नाही. पुढे दोघे ऑकलंडला आले, संसार झाले, पण कुठल्या समारंभात सदरा काढला नाही. लोक म्हणत, आली अर्धवटांची जोडी. पानापाच आधी हसायचा. आमचं काम जरा सावकाश असतं, म्हणायचा. त्याने कधी एका शब्दाने उपकाराची आठवण दिली नाही. ओपेताया मात्र रोजच्या प्रार्थनेत देवाचे आभार मानताना पहिलं नाव त्याचं घ्यायचा, बायकोचं दुसरं. बायकोचीही त्याला ना नव्हती.

मग पानापाची मूत्रपिंडं थकली. त्यांचे पाद्री प्रवचन नुसतं सांगत नाहीत, निम्म्याहून अधिक गातात. एका रविवारी भावाभावांच्या मायेवर असे काही गायले की बाकाबाकावर रुमाल निघाले. बाहेर पडताना पानापा म्हणाला, "तुझी खूण पुरी झालेली बघून जाईन म्हणतो, दादा."

सरकारी दवाखान्याने ओपेतायाला दोनदा परत पाठवलं होतं. दुखत नाही ना, मग नुसतं दिसण्याचं आहे, म्हणे.

बाईंनी वही मिटली. आतडं आत बसवून टाके आतल्या घडीत घेईन, वरची कातडी शाबूत राहील, म्हणाल्या. वर्षभर मात्र सुई लावायची नाही.

टाके काढायच्या दिवशी ओपेतायाने त्यांच्यासाठी टोपलीभर अळकुड्या नेल्या आणि तिथेच, बाकांमध्ये उभं राहून, बाईंच्या हातांसाठी मोठ्याने प्रार्थना म्हटली. पोरींनीही माना लवविल्या.

वर्ष सरलं तेव्हा पानापा आठवड्यातून तीनदा मशीनवर होता. जखम चिघळेल, गोंदणाचं नावही काढू नका, असं त्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी तो चर्चच्या सभागृहात आला. ओपेतायाचं डोकं त्याने मांडीवर घेतलं आणि गोंदणाच्या फणीवर काठीचे ठोके पडू लागले तशी स्तोत्राला सुरुवात केली. दम पुरेना तिथे बायका पुढे म्हणत. म्हाताऱ्या गोंदणाऱ्याचा मुलगा तासाभराने मागे सरला. झाली, म्हणाला.

हळदीचं भांडं आलं. ओपेताया नखशिखान्त पिवळा झाला. पानापाने डोळे पुसले. "चला, एक तरी सुटला," तो म्हणाला.

ओपेताया त्याच्यापुढे मांडी घालून बसला आणि त्याच्या सदऱ्याची बटणं काढू लागला. पानापाने त्याचा हात धरला.

"अरे, माझी पुरी नाही झालेली."

"ठाऊक आहे मला."

स्वतःच्या छातीवरची हळद बोटांनी निपटून ओपेताया ती पानापाच्या कोऱ्या बेंबीभोवती हळूहळू लावू लागला. सगळ्यांचे डोळे गोंदणाऱ्याकडे. त्याने दोघांकडे एकवार पाहिलं आणि हळदीचं भांडं जरा पुढे सरकवलं.